मालिकांमधली मारहाण आणि साडेचार वर्षांचं मूल

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे बालवर्गातून आल्यावर तो आजी-आजोबांजवळ असतो. दुपारी आजोबा गुन्ह्यांच्या सत्यकथा बघतात आणि संध्याकाळी सात ते दहा आजीच्या मालिका चालतात. मुलाचं जेवणही टीव्हीसमोरच होतं. गेल्या काही आठवड्यांत त्याने वर्गातल्या एका मुलीच्या थोबाडीत मारली. धाकट्या चुलतभावाला तो ‘तुला संपवून टाकीन’ म्हणाला. रात्री दचकून उठतो, एकटा बाथरूमला जात नाही. हे टीव्हीमुळे होतंय का? तो पुढे मारकुटा होईल का? टीव्ही बंदच करून टाकावा का, आणि सासूबाईंना हे सांगायचं कसं?

तुम्ही मारण्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे आणि रात्री दचकण्याचा फक्त उल्लेख केला आहे. मी आधी दचकण्याबद्दल लिहिते. शाळेतून तक्रार आली की आई-वडील माझ्याकडे धावत येतात. घाबरलेलं मूल मात्र कोणाला त्रास देत नाही, त्यामुळे त्याची तक्रार कोणी आणत नाही. चार प्रश्न विचारल्यावर आई म्हणते, ‘हो, झोप नीट नाही खरी.’ माझ्या अनुभवात, या वयात पडद्यावरच्या हिंसेचा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त दिसणारा परिणाम भीतीचा असतो.

ही भीती आपल्या भीतीसारखी नसते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कँटर यांनी मुलं टीव्हीवरचं नेमकं काय बघून घाबरतात यावर बरीच वर्षं काम केलं. हल्क या पात्राच्या मालिकेतला एक प्रसंग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने मुलांना दाखवला. नऊ ते अकरा वर्षांची मुलं नायक संकटात असताना घाबरली. तीन ते पाच वर्षांची मुलं मात्र तो हिरवा, राक्षसी झाल्यावर घाबरली. गोष्टीत तो तेव्हा लोकांना वाचवत होता, पण लहानग्यांच्या दृष्टीने त्याचं काहीच महत्त्व नव्हतं. या वयात जे भयानक दिसतं आणि भयानक ऐकू येतं तेच भयानक असतं. आजोबांच्या सत्यकथेत चोर शेवटी पकडला जातो, न्याय होतो, हे आजोबांना समाधान देतं. नातवाला दिसतो तो अंधारा जिना, दाराआडची सावली, किंकाळी, आणि मग थेट त्याच्याकडे बघत सावध राहायला सांगणारा निवेदक. ‘पकडला बरं का त्याला’ हे शेवटचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तोवर तो पलंगाखाली कोणी आहे का ते बघायला लागलेला असतो.

म्हणूनच ‘अरे, ते खोटं असतं, नाटक असतं’ या समजावणीचा साडेचार वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता उपयोग होत नाही. नट, रंगभूषा, लाल रंगाचं रक्त ही कल्पना सात-आठ वर्षांच्या आसपास पक्की होते. त्याआधी मूल ‘खोटं असतं’ हे पाठ म्हणून दाखवतं आणि तरीही घाबरतं. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, बारीक दिवा लावा, झोप लागेपर्यंत पाठीवर हात ठेवा. बाथरूमपर्यंत सोबत जा. ‘एवढा मोठा मुलगा आणि घाबरतोस?’ असं म्हणू नका. धीट व्हावा म्हणून अंधारात एकटं तर मुळीच पाठवू नका.

झोपेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बहुतेक घरांतून निसटते. सिएटलमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, झोपण्यापूर्वीचा टीव्ही तर झोप बिघडवतोच, पण हिंसक कार्यक्रम दिवसा पाहिले तरी झोपेच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. त्यामुळे दुपारच्या सत्यकथा रात्रीपर्यंत विरून जातात असं समजू नका. तुमच्या प्रश्नात आजोबांच्या कार्यक्रमाचा उल्लेख ओघात आला आहे, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

बातम्यांचंही तेच. २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या तीन दिवसांत घराघरांत वाहिन्या बंदच झाल्या नव्हत्या आणि ताजच्या घुमटातून येणारा धूर शेकडो वेळा दिसला. तीच दृश्यं पुन्हा दाखवली जात आहेत हे मोठ्यांना कळतं. चार वर्षांच्या मुलाला पुनःप्रक्षेपण म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याच्या लेखी तेवढ्या वेळा आग लागते. मूल जागं असताना बातम्यांची वाहिनी लावू नये, असं मी प्रत्येक घराला सांगते.

आता मारण्याकडे येते.

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग १९६१ मधला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला एक प्रौढ व्यक्ती हातोडीने बडवते, लाथा मारते, हे काही मुलांनी पाहिलं. नंतर खेळायला सोडल्यावर त्यांनी तसंच केलं, तेच शब्द वापरून केलं. दोन वर्षांनी हाच प्रकार चित्रफितीवर आणि काळ्या मांजराचा वेश घातलेल्या पात्राकडून दाखवला, तरी मुलांनी नक्कल केली. ‘कार्टूनच तर आहे’ म्हणणाऱ्या पालकांना मी या मांजराची आठवण करून देते.

या प्रयोगांवर रास्त आक्षेपही आहेत. बाहुल्याला मारणं आणि माणसाला मारणं एक नव्हे, आणि तो बाहुला मारण्यासाठीच बनवलेला होता. पण त्याच प्रयोगमालिकेतला १९६५ चा प्रयोग तुमच्या घरासाठी फार उपयोगाचा आहे. त्यात काही मुलांना मारणाऱ्याचं कौतुक होताना दाखवलं, काहींना त्याला शिक्षा होताना, आणि काहींना पुढे काहीच न होताना. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. मग सगळ्यांना सांगितलं, त्याने काय केलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. कोण करणार हे मात्र पुढे काय झालेलं पाहिलं यावर ठरलं.

हे मनात ठेवून आपल्या रात्रीच्या मालिका बघा. थोबाडीत मारण्याचा प्रसंग येतो. तीच चपराक तीन बाजूंनी, संथ गतीने, वीज कडाडल्यासारख्या आवाजासह तीनदा दाखवली जाते. जमलेल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दिसतात आणि तिथेच भाग संपतो. मुलाच्या नजरेने पाहिलं तर अख्ख्या तासातली सर्वांत महत्त्वाची घटना तीच. मार खाणाऱ्या व्यक्तीचं पुढे काय झालं, तिला किती लागलं, हे दिसतच नाही. शिवाय मारणारी बरेचदा आपली लाडकी नायिका असते आणि तिने मारणं कसं योग्य होतं हे संगीतही सांगत असतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात तीन वर्षं टीव्ही कार्यक्रमांची मोठी पाहणी झाली. तिथेही हेच निघालं. बहुतांश हिंसक प्रसंगांत मारणाऱ्याला लगेच शिक्षा होत नाही, पश्चात्ताप दाखवला जात नाही, आणि निम्म्याहून जास्त वेळा वेदना दिसत नाहीत. मुलाने काय शिकू नये याची यादी करायला बसलो तर ती अशीच होईल.

आणि फक्त हात उगारणंच नाही. जेवणात काहीतरी मिसळणं, दाराआडून ऐकणं, एकीला दुसरीविरुद्ध भडकवणं, घरातून हाकलून देण्याची धमकी. बालवर्गात ‘तू हिच्याशी बोललीस तर मी तुझ्याशी कट्टी’ हे नेहमीचंच. पण कोणाला तरी ठरवून एकटं पाडणं साडेचार-पाच वर्षांची मुलंही शिकतात, आणि ते कुठून शिकतात हे तपासताना मालिकांपर्यंत जावं लागतं. ‘तुला संपवून टाकीन’ हे वाक्य त्याचं नाही. या वयात त्याला मरण म्हणजे कायमचं जाणं हेही नीट कळत नसतं. ज्या वाक्यावर मोठी माणसं गप्प होतात ते वाक्य त्याने उचललं आहे. ते ऐकून घरात हलकल्लोळ झाला असेल, तर ते किती जोरदार आहे याची त्याला खात्रीच पटली असणार. पुढच्या वेळी शांतपणे एवढंच विचारा, ‘तुला त्याचा राग आलाय का? त्याने काय घेतलं तुझं?’

तो पुढे मारकुटा होईल का, याचं सरळ उत्तर: एवढ्यावरून असं भाकीत कोणी करू नये. शिकागो परिसरातल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त पाहणाऱ्यांमध्ये तरुणपणी आक्रमकता जास्त आढळली. पण त्यातही टीव्हीवरचं खरं मानणारी आणि पात्रांशी स्वतःला जोडून घेणारी मुलं पुढे होती. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या एका लहान गावात डोंगरांमुळे टीव्ही पोहोचत नव्हता. १९७३ मध्ये तो आला आणि दोन वर्षांत मुलांच्या मैदानावरची मारामारी व शिवीगाळ वाढल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. याउलट दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथल्या शाळेत मुलांचा खेळ आधी आणि नंतर चित्रित करून तपासला, तर वर्तन बिघडलेलं दिसलं नाही. लहान बेट, प्रत्येक मुलाला ओळखणारी माणसं, कोणी चुकलं तर लगेच हटकणारे शेजारी, असं त्याचं कारण अभ्यासकांनी दिलं.

टीव्हीचा परिणाम खरा आहे, पण तो एकटा फार मोठा नसतो. घरात मोठी माणसं मुलावर किंवा एकमेकांवर हात उचलत असतील तर तो बळावतो. म्हणून तुम्हाला विचारते, आणि हे प्रत्येकालाच विचारते: घरी त्याला मार बसतो का? मुलीला थोबाडीत मारली म्हणून त्यालाच चपराक बसली असेल, तर त्याला धडा उलटाच मिळाला. मोठा असेल तर मारता येतं, एवढंच त्याला कळलं.

सेंट हेलेनाच्या त्या हटकणाऱ्या शेजाऱ्यांवरून मी मुख्य मुद्द्यावर येते. तुमच्या घरात त्यांची जागा आजीची आहे. मालिका बघताना खलनायिकेला चपराक बसली की आजी काय म्हणतात? ‘बरं झालं, अशीच पाहिजे होती!’ असं म्हणत असतील तर नातवासाठी तो निकाल झाला. पडद्यावरच्या बाईपेक्षा मांडीवर बसवून घास भरवणाऱ्या आजीचा शब्द त्याला कितीतरी मोठा वाटतो. मोठा माणूस शेजारी बसून काय बोलतो यावर मुलांची नक्कल कमी-जास्त होते हे प्रयोगांतून दिसलं आहे. गप्प बसून सोबत पाहिलं तर मूल ते संमती समजतं, हेही. म्हणजे ‘मी त्याच्यासोबतच बसते हो’ एवढं पुरत नाही. ‘अगं बाई, मारलं! किती लागलं असेल तिला. रडली बघ. बोलून सांगता आलं असतं की,’ असं आजी म्हणाल्या, तर त्याच चपराकेचा अर्थ बदलतो. दिग्दर्शकाने गाळलेला परिणाम आजीने भरून काढला. हे सगळ्या घरांना जमण्यासारखं आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

तरीही साडेचार वर्षांच्या मुलाने चार मालिका पाहाव्यात असं माझं म्हणणं नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सर्व पडदे मिळून दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. दोन वर्षांखाली मुळीच नाही. तुमच्याकडे रोज चार तासांच्या वर होत असावं. पण टीव्ही एकदम बंद करण्याचा आग्रह मी धरत नाही, कारण तो आठवडाभर टिकतो आणि मग हातात मोबाइल येतो. आधी काय बघतो ते बदला. सिएटलमध्येच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ५६५ पालकांना टीव्हीचे तास कमी करायला सांगितलंच नव्हतं. हिंसक कार्यक्रमांच्या जागी मदत, वाटून घेणं, भांडण मिटवणं दाखवणारे कार्यक्रम लावायला मदत केली. सहा महिन्यांनी मुलांच्या वागण्यात फरक होता, मोठा नाही, पण मोजता येण्याजोगा. तुम्हाला इथूनच सुरुवात करता येईल.

सासूबाईंबद्दल. साठी-पासष्टीत दिवसभर साडेचार वर्षांच्या मुलामागे धावणं सोपं नाही. संध्याकाळच्या मालिका हा त्यांचा हक्काचा वेळ आहे, बहुधा दिवसातला एकमेव. तो काढून घेण्याची भाषा झाली तर घरात भांडण होईल आणि मुलगा तेही बघेल. म्हणून त्यांच्या मालिका वाचवायच्या, फक्त वेळ हलवायचा. जवळपास सगळ्या मालिकांचं दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण असतं आणि त्या ॲपवरही मिळतात. तो बालवर्गात असताना त्यांनी निवांत पाहाव्यात. एखादी लाडकी मालिका त्याच दिवशी बघायचीच असेल तर त्या अर्ध्या तासात तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी त्याला खाली फिरायला न्यावं. आजोबांच्या सत्यकथांसाठी मात्र मी तडजोड सुचवत नाही. त्या मूल घरात नसताना किंवा आतल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावूनच. मूल खेळत असताना मागे टीव्ही नुसता चालू असला तरी त्याचा खेळ तुटक होतो आणि मोठी माणसं त्याच्याशी कमी बोलतात, हेही अभ्यासातून दिसलं आहे.

हे बोलणं तुमच्या नवऱ्याने आपल्या आईशी करावं, तुम्ही नाही. सूनबाईंकडून आलं की तो टीव्हीचा विषय राहत नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणून बेलाशक माझ्यावर ढकला. ‘तुमच्यामुळे झालं’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. ‘तो तुझं सगळ्यात जास्त ऐकतो, म्हणून तुझी मदत हवी आहे’ असं त्याने म्हणावं. ते खरंही आहे.

जेवताना मात्र टीव्ही पूर्ण बंद. सुरुवातीचे काही दिवस तो दोन घास कमी खाईल, रडेल. तेवढ्याने काही बिघडत नाही.

सरकारी नियमांवर विसंबू नका. केबल टीव्हीच्या कार्यक्रम संहितेत मुलं जास्त संख्येने बघत असतात त्या वेळेत त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत असं म्हटलं आहे. वाहिन्यांच्या स्वनियमनात प्रौढांचा मजकूर रात्री अकरा ते पहाटे पाच दाखवायचा आहे. पण कौटुंबिक मालिकेतली चपराक या कशातच अडकत नाही. ॲपवर २०२१ पासून वयानुसार वर्गवारी दाखवावी लागते, ती जरूर बघा. ‘यू/ए ७+’ लिहिलेलं तुमच्या मुलासाठी नाही.

एक भेद नीट लक्षात घ्या, नाहीतर उद्यापासून त्याच्या प्रत्येक ‘ढिश्शूं’वर घरात चौकशी बसेल. लुटुपुटूची लढाई म्हणजे आक्रमकता नव्हे. १९८७ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा गल्लोगल्ली खराट्याच्या काड्यांचे धनुष्यबाण झाले होते. डोळ्याला लागेल म्हणून आया धास्तावायच्या, पण ती पिढी काही हिंसक निघाली नाही. खेळ आहे की मारामारी हे ओळखायला तीन गोष्टी बघा. दोन्ही मुलं हसतायत का? कधी हा राक्षस, कधी तो, अशी अदलाबदल होते का? कोणी रडलं तर दुसरा थांबतो का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर खेळू द्या. एकच मूल सतत मार खात असेल आणि रडल्यावरही थांबत नसेल, तर मध्ये पडा. हात धरा, खाली बसा, मोजक्या शब्दांत सांगा: ‘मारायचं नाही. तिला लागलंय. आता तिला पाणी आणून देऊ.’ लहान मुलाकडून ‘सॉरी’ वदवून घेण्यापेक्षा काहीतरी करून घेणं जास्त उपयोगी पडतं. वर्गातल्या त्या मुलीसाठीही बाईंशी बोलून असंच काही ठरवा.

शेवटी एक सावधगिरी. सगळं टीव्हीच्या माथी मारू नका. मूल अचानक घाबरायला, मारायला लागलं की टीव्ही हे सर्वांत सोपं कारण असतं, आणि त्यामागे खरं कारण लपून जाऊ शकतं. वर्गात त्याला कोणी मारतं का, रिक्षावाले काका, शेजारी किंवा नात्यातलं कोणी त्याला भीती घालतं का, नको तसा स्पर्श करतं का, हे गप्पांच्या ओघात, धाक न दाखवता विचारा. एखाद्या ठरावीक माणसाजवळ किंवा जागी जायला तो नकार देत असेल तर त्याचं ऐका, जबरदस्तीने पाठवू नका.

वर सांगितलेले बदल महिनाभर नीट पाळूनही मारणं कमी झालं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पूर्वी थांबलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालं, मुक्या प्राण्यांना मुद्दाम इजा करायला लागला, बोलणं-खेळणं कमी झालं, किंवा भीतीमुळे बालवर्गात जाणंच बंद झालं, तर महिना संपण्याची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जवळपास असे तज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विनामूल्य तपासणी होते. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. जाताना एक कागद सोबत न्या: आठवडाभर तो कधी उठला, कोणाला मारलं, त्याआधी काय घडलं आणि त्या दिवशी घरात टीव्हीवर काय चालू होतं. तपासणाऱ्याचं निम्मं काम त्या कागदाने होतं.